दौंडची हांक आणि शिरूरचें उत्तर

पत्र लिहितांना आपलें ठिकाण वरच्या कोपऱ्यांत लिहावें, म्हणजे उत्तर धाडणाऱ्याची सोय होते, हें शाळेंतल्या मुलांनाहि शिकवितात. परंतु ज्याला अद्याप ठिकाणच मिळालेलें नाहीं, आणि ‘मला एक ठिकाण द्या’ हीच ज्याची मागणी आहे, त्यानें पत्र लिहावें तरी कसें? त्यांतून ज्याच्याकडे मागणी करावयाची तो कोठें राहतो हेंहि त्याला ठाऊक नसेल, तर त्याची अवस्था आणखीच बिकट. हें कोडें मुलांना घालण्याजोगें वाटेल. पण बँकेंत, शाळेंत, रुग्णालयांत आणि सरकारी कचेरींत सकाळीं काम सुरू करणाऱ्या संगणकांपैकीं बहुतेकांपुढें तें खरोखरीच उभें असतें. पत्ता असल्यावांचून संगणकाला जाळ्यांतील कोणाशींहि सरळ व्यवहार करतां येत नाहीं. आणि बहुतेक संगणकांचा पत्ता हा त्यांच्या मालकीचा नसून मुदतीनें मागून घेतलेला असतो.

हा पत्ता वांटणारा सर्व्हर त्याच खोलींत किंवा त्याच इमारतींत असला, तर काम फारसें अवघड नाहीं. खरी मौज, आणि खरी अडचणहि, तो दुसऱ्या गांवीं असतो तेव्हां सुरू होते. पुणें जिल्ह्यांतील दोन तालुक्यांचीं गांवें उदाहरणादाखल घ्यावीं. एक, घोड नदीच्या कांठचें शिरूर. जुनीं माणसें त्याला घोडनदी असेंच म्हणतात. तें पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलें आहे आणि तेथें आगगाडी नाहीं. दुसरें, भीमेच्या कांठचें दौंड. तें मात्र आगगाडीचेंच गांव. १८७८ सालीं तेथून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाला आणि तेव्हांपासून जंक्शन म्हणून त्याची ख्याति आहे. असें समजावें कीं, एका सहकारी पतसंस्थेची मुख्य कचेरी शिरूरांत आहे आणि तिची एक शाखा दौंडला आहे. ही पतसंस्था कल्पनेंतली आहे. तिची अडचण मात्र अशा शेंकडों संस्थांची नित्याची अडचण आहे. पत्ते वांटणारा सर्व्हर शिरूरांत ठेवलेला, आणि सकाळीं साडेदहा वाजतां दौंडच्या शाखेंतला कारकून संगणकाचें बटण दाबतो. समोर उसाच्या बिलाचे पैसे काढावयास आलेले शेतकरी रांगेंत उभे आहेत. संगणकाला पत्ता मिळेतों त्यांच्यापैकीं कोणाचेंहि खातें उघडून पाहतां यावयाचें नाहीं.

संगणकाच्या पत्त्याचें स्वरूप समजण्यास टपालाचा दाखला फार उपयोगीं पडतो. १५ ऑगस्ट १९७२ रोजीं टपालखात्यानें सहा आंकड्यांचा पिन कोड सुरू केला. त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं आंखली. संस्कृतचे कवि आणि पंडित म्हणूनहि ते प्रसिद्ध होते. शिरूरचा पिन ४१२२१० आणि दौंडचा ४१३८०१. यांतला पहिला आंकडा देशाचा विभाग सांगतो. पहिले तीन मिळून टपालाच्या छाननीचा जिल्हा सांगतात. आणि शेवटचे तीन वांटप करणारें पोस्ट दाखवितात. दोन्ही गांवें एकाच पुणें जिल्ह्यांतलीं. तरी टपालाच्या हिशेबानें एक ४१२ मध्यें पडतें आणि दुसरें ४१३ मध्यें. दूरच्या छाननी करणाऱ्याला सगळे आंकडे वाचीत बसावें लागत नाहीं. पहिले तीन वाचले कीं पत्र कोणत्या पिशवींत टाकावयाचें तें ठरतें.

संगणकाचा पत्ताहि असाच दोन अंगांचा असतो. त्यांत टिंबांनीं वेगळे केलेले चार आंकडे असतात आणि प्रत्येक आंकडा ० पासून २५५ पर्यंत कोणताहि असूं शकतो. आपल्या पतसंस्थेनें शिरूरसाठीं १०.४१.१ आणि दौंडसाठीं १०.४१.२ असे पहिले तीन आंकडे ठरविले आहेत असें मानावें. चौथा आंकडा त्या त्या ठिकाणच्या संगणकाचा. त्यांतला ० आणि २५५ राखून ठेवावे लागतात, म्हणून प्रत्येक ठिकाणीं २५४ पत्ते हातीं राहतात. अशा एका तुकड्याला ‘सबनेट’ म्हणतात. पुण्याच्या भाषेंत त्याला आळी म्हटलें तरी चालेल. शिरूरच्या आळीचा पत्ता दौंडच्या संगणकाला दिला, तर त्याच्या नांवानें आलेलें प्रत्येक उत्तर शिरूरकडे जाईल आणि तेथें तो सांपडणार नाहीं. जसें दौंडच्या घरावर ४१२२१० लिहून कांहीं उपयोग नाहीं. तेव्हां केवळ पत्ता देऊन भागत नाहीं; मागणारा कोणत्या आळींत उभा आहे हें कळून त्या आळींतलाच पत्ता द्यावा लागतो. सगळ्या प्रकरणाचें मर्म एवढेंच आहे.

आतां बटण दाबल्यावर दौंडचा संगणक काय करतो तें पाहावें. त्याला आपला पत्ता नाहीं, सर्व्हरचाहि नाहीं. त्याच्याजवळ फक्त एक जन्मखूण असते; जाळ्याशीं जोडणाऱ्या त्याच्या भागाला कारखान्यांतच एक क्रमांक मिळालेला असतो. मग तो एकच गोष्ट करूं शकतो, ती म्हणजे मोठ्यानें हांक मारणें. पाठविणाऱ्याच्या जागीं तो ०.०.०.० असें लिहितो, म्हणजे ‘अजून कोणी नाहीं’. आणि घेणाऱ्याच्या जागीं २५५.२५५.२५५.२५५, म्हणजे ‘ऐकणारे सर्व’. मजकूर असतो तो असा: ‘अमुक जन्मखुणेचा संगणक येथें आला आहे, कोणी पत्ता देतें कां?’ आळींतल्या सर्व यंत्रांना ही हांक ऐकूं जाते. नभोवाणीवरचें भाषण जसें ज्याच्या घरीं यंत्र आहे त्या सर्वांस ऐकूं येतें, तसाच हा प्रकार. ज्याला कर्तव्य असेल त्यानें लक्ष द्यावें, इतरांनीं सोडून द्यावें.

परंतु नभोवाणीच्या लहरींना शिरूर आणि दौंड यांच्या मधली शीव आडवी येत नाहीं. या हांकेला ती येते. प्रत्येक आळीच्या तोंडाशीं राउटर नांवाचा नाकेदार बसलेला असतो. पत्ता लिहिलेला माल तो योग्य वाटेनें पुढें धाडतो, पण ‘ऐकणारे सर्व’ असें लिहिलेली हांक तो आंतच थांबवितो. त्याचें हें वागणें अरेरावीचें वाटेल. पण तें आवश्यक आहे. प्रत्येक आळींतली प्रत्येक हांक जर साऱ्या जगभर पसरूं दिली असती, तर त्या गलक्यांत कोणालाच कोणाचें ऐकूं आलें नसतें. आळीची हांक आळींत राहते, म्हणूनच एवढें मोठें जाळें चालूं शकतें. पण त्याचा परिणाम असा, कीं दौंडची हांक शिरूरच्या सर्व्हरच्या कानीं पडतच नाहीं.

ही अडचण ज्यांना प्रथम भेडसावली ते लोक अमेरिकेंतील विद्यापीठांत आणि कारखान्यांत काम करीत होते. त्या काळीं चकती नसलेले संगणक पुष्कळ वापरांत होते. सुरू होतांना आपला पत्ता आणि आपला कार्यक्रम दोन्ही ते दुसऱ्याकडून मागून घेत. जून १९८४ मध्यें यासाठीं एक पद्धति प्रसिद्ध झाली. परंतु तिची हांक फारच खालच्या पातळीवरची असल्यामुळें ती वेशीबाहेर नेण्याची सोय नव्हती, आणि प्रत्येक आळींत वेगळा सर्व्हर बसविणें भाग पडे. सप्टेंबर १९८५ मध्यें स्टॅनफर्ड विद्यापीठाचे बिल क्रॉफ्ट आणि सन मायक्रोसिस्टिम्सचे जॉन गिलमोर यांनीं ‘बूटपी’ नांवाची नवी पद्धति मांडली. तींत त्यांनीं एक साधी युक्ति योजिली: आळींत एक मध्यस्थ ठेवावा, त्यानें हांक ऐकावी आणि ती दूरच्या सर्व्हरपर्यंत पोंचवावी. ऑक्टोबर १९९३ मध्यें या मध्यस्थाचे नियम काटेकोरपणें लिहिले गेले आणि ‘रिले एजंट’ हें त्याचें नांव रूढ झालें. त्याच महिन्यांत बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रोम्स यांनीं सिद्ध केलेली ‘डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल’, म्हणजेच डी. एच. सी. पी., ही पद्धति प्रसिद्ध झाली. मार्च १९९७ मध्यें तिचा सुधारलेला मसुदा आला. पत्ता कायमचा न देतां मुदतीनें द्यावा ही तिची मोठी देणगी. मध्यस्थाची युक्ति मात्र तिनें जुन्या पद्धतींतूनच जशीच्या तशी उचलली.

हा मध्यस्थ बहुधा राउटरच्या पोटांतच असतो. म्हणजे जो नाकेदार हांक अडवितो, त्यालाच एक जादा काम सांगितलेलें असतें: ‘पत्ता मागणारी हांक ऐकलीस तर ती अडवून फेंकून देऊं नकोस, शिरूरच्या सर्व्हरला कळीव.’ दौंडच्या संगणकाची हांक ऐकतांच तो तो मजकूर घेतो. त्या मजकुरांत ‘गेटवेचा पत्ता’ नांवाचा एक रकाना असतो आणि संगणकानें तो कोरा सोडलेला असतो. मध्यस्थ त्या रकान्यांत आपला स्वतःचा दौंडच्या आळींतला पत्ता लिहितो, समजा, १०.४१.२.१. मजकूर किती हातांतून गेला हें मोजणारा एक आंकडा असतो, तो एकानें वाढवितो. मग ‘ऐकणारे सर्व’ हें शीर्षक काढून तो मजकूर थेट शिरूरच्या सर्व्हरच्या नांवानें रवाना करतो. हांकेचें आतां नांवनिशीचें पत्र झालें. आणि पत्राला वेशीवर कोणी अडवीत नाहीं.

शिरूरचा सर्व्हर पत्र उघडतो. प्रथम तो गेटवेचा रकाना पाहतो. तो कोरा असेल तर मागणारा याच आळींतला. भरलेला असेल तर मागणारा त्या रकान्यांतल्या पत्त्याच्या आळींतला. १०.४१.२.१ हें वाचतांच सर्व्हर दौंडची वही उघडतो, तींतला एक मोकळा पत्ता निवडतो, आणि ‘हा चालेल कां?’ असें उत्तर मध्यस्थाकडे परत पाठवितो. मध्यस्थ तें उत्तर आळींत त्या जन्मखुणेच्या संगणकापर्यंत पोंचवितो. संगणक म्हणतो, ‘चालेल, हाच द्या.’ हेंहि तो मोठ्यानेंच म्हणतो, कारण अजून पत्ता त्याचा झालेला नाहीं, आणि आणखी कोणा सर्व्हरनें देऊं केलें असेल तर त्यालाहि आपला नकार कळावा. मध्यस्थ तेंहि पोंचवितो. सर्व्हर ‘दिला’ असें शेवटचें उत्तर देतो. हांक, देकार, मागणी आणि मंजुरी अशा चार निरोपांत सगळा व्यवहार उरकतो, आणि घडी नीट असेल तर कारकुनानें चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवण्याआधींच तो पुरा झालेला असतो.

या व्यवहारांत मध्यस्थाचा अधिकार किती मर्यादित आहे तें ध्यानांत घेण्याजोगें आहे. पत्ता कोणता द्यावा, किती मुदतीनें द्यावा, द्यावा कीं न द्यावा, यांतलें कांहींहि तो ठरवीत नाहीं. तो फक्त साक्ष देतो कीं, ‘ही हांक मीं या आळींत ऐकली.’ पण ती एक साक्ष चुकली तर सर्व्हरचें सारें शहाणपण फुकट जातें. म्हणून नियम असा आहे कीं, वाटेंत दुसरा मध्यस्थ लागला आणि रकाना आधींच भरलेला असला, तर त्यानें तो बदलूं नये. ज्यानें हांक प्रत्यक्ष ऐकली त्याचीच साक्ष अखेरपर्यंत कायम राहते. तसेंच एखादा निरोप मध्यस्थांच्या साखळींत गरगर फिरत राहूं नये, म्हणून हस्तांतरांचा आंकडा १६ च्या वर गेला कीं मध्यस्थानें तो निरोप निमूटपणें टाकून द्यावा, असेंहि १९९३ च्या नियमांत सांगितलें आहे.

आतां कारकून आणि रांगेंतले शेतकरी यांच्याकडे पुन्हां वळावें. कारण घडी कोठें विसकटते हें त्यांना सोसावें लागतें. दौंडची शाखा नवी उघडली आणि शिरूरच्या सर्व्हरांत दौंडची वहीच घातलेली नसली, तर सर्व्हर हांक ऐकूनहि गप्प बसतो. दिलाच तर शिरूरचा पत्ता द्यावा लागेल, आणि तो न दिलेलाच बरा. दुसरा दोष अधिक फसवा आहे: दौंडहून शिरूरला येण्याची वाट ठाऊक असते, परंतु शिरूरच्या सर्व्हरला दौंडकडे परत जाण्याची वाट सांगितलेली नसते. मग हांक पोंचते, वहींत नोंद होते, देकार निघतो, आणि वाटेंतच हरवतो. सर्व्हरची नोंदवही पाहणारा म्हणतो, ‘आमच्याकडून उत्तर दिलेलें आहे’. दौंडचा कारकून म्हणतो, ‘आमच्याकडे कांहीं आलें नाहीं’. आणि दोघेहि खरें बोलत असतात. अशा वेळीं कित्येक संगणक थकून स्वतःच १६९.२५४ नें सुरू होणारा एक पत्ता धारण करतात. २००५ च्या नियमानें हे पत्ते आळीच्या आंतल्या आंत बोलण्यापुरते ठेवलेले आहेत. तेव्हां पडद्यावर हे दोन आंकडे दिसले, म्हणजे संगणक नादुरुस्त आहे असें न समजतां ‘माझी हांक कोणीं ऐकली नाहीं’ असें तो सांगतो आहे, हें ओळखावें.

तिसरा प्रकार माणसाच्या हौसेचा. कोणी तरी बिनतारी जोडणी हवी म्हणून घरचा लहान राउटर शाखेंत आणून लावतो. त्या पेटींतहि पत्ते वांटणारा एक छोटा सर्व्हर दडलेला असतो. तो आळींतच असल्यामुळें हांकेला शिरूरच्या आधीं उत्तर देतो, आणि संगणक बहुधा पहिलें उत्तर पत्करतो. त्या पत्त्यानें पतसंस्थेच्या जाळ्यांत कांहींच चालत नाहीं. सकाळीं दोन संगणक बंद, दुपारीं आणखी तीन, आणि कारण कोणालाच उमगत नाहीं. मोठ्यानें हांक मारणाऱ्याला कोणीहि उत्तर देऊं शकतें, हा हांकेचा जन्मजात धोका आहे. म्हणून जाणते लोक आळींतल्या स्विचला आज्ञा देऊन ठेवतात कीं, पत्त्याचा देकार फक्त वेशीकडच्या तारेनेंच आंत यावा. इतर कोठून आला तर दाबून टाकावा.

मुदतीचा प्रश्नहि व्यवहाराचा आहे. दिलेला पत्ता मुदत संपेपर्यंत संगणकाचा. अर्धी मुदत सरली कीं तो ती वाढवून मागूं लागतो. आतां त्याला स्वतःचा पत्ता आहे आणि सर्व्हरचाहि ठाऊक आहे, म्हणून ही विनंती तो मध्यस्थाला वगळून थेट शिरूरला करतो. उत्तर न मिळाल्यास मुदतीचे आठांतले सात भाग सरेपर्यंत तो वाट पाहतो, आणि मग पुन्हां मोठ्यानें हांक मारूं लागतो. मध्यंतरीं रस्त्याच्या कामांत शिरूर–दौंड जोडणी तुटली असें समजावें. मुदत आठ तासांची असेल तर संध्याकाळपर्यंत शाखेंतले सगळे पत्ते एकामागून एक संपतील. आठ दिवसांची असेल तर निदान शाखेंतल्या शाखेंत, छपाईयंत्रापर्यंत तरी, कामें चालूं राहतील. उलट जेथें पाहुणे संगणक सारखे येतात आणि जातात, तेथें लांब मुदत दिली तर २५४ पत्ते निघून गेलेल्यांच्या नांवानेंच अडकून पडतील. म्हणून मुदत ठरविणाराला यंत्राइतकेंच त्या गांवच्या माणसांचें येणें-जाणें ठाऊक असावें लागतें. सर्व्हर बिघडण्याची भीति वाटत असेल तर मध्यस्थाला दोन सर्व्हरांचीं नांवें सांगून ठेवतां येतात. मात्र दोघांच्या वह्यांत तेच पत्ते लिहिले असतील तर त्यांनीं एकमेकांचा हिशेब सांभाळला पाहिजे, नाहीं तर एकच पत्ता दोघांच्या गळ्यांत पडावयाचा.

कोणता पत्ता केव्हां कोणापाशीं होता हें पुढें विचारलें जाण्याचाहि प्रसंग येतो. जानेवारी २००१ मध्यें मध्यस्थाला आणखी एक सवलत मिळाली: हांक कोणत्या तारेवरून आली याचीहि टीप त्यानें निरोपाला जोडावी आणि उत्तर परत येतांना काढून घ्यावी. त्यामुळें केवळ आळीच नव्हे, तर घराचा दरवाजाहि कळूं लागला. भारतांत केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं दिलेल्या आदेशांनीं संस्थांना आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणें बंधनकारक केलें. कोणा खातेदाराच्या पैशांत गैरप्रकार झाला आणि त्या क्षणीं १०.४१.२.५७ हा पत्ता कोणाकडे होता असा प्रश्न निघाला, तर शिरूरच्या वहीइतकीच दौंडच्या मध्यस्थाची साक्ष महत्त्वाची ठरते. ती नसेल तर निरपराध कारकुनावरहि बालंट यावयास वेळ लागत नाहीं.

मार्च २००५ मध्यें केंद्र सरकारनें राज्यव्यापी जाळ्यांची योजना मंजूर केली. राज्याचें मुख्य ठिकाण जिल्ह्याशीं आणि जिल्हा तालुक्याशीं जोडावा, आणि प्रत्येक दुव्याची क्षमता निदान दोन मेगाबिट असावी, असें तिचें स्वरूप होतें. अशा प्रत्येक जाळ्यापुढें एक निवड असते: प्रत्येक गांवीं एक सर्व्हर आणि तो जाणणारा एक माणूस ठेवावा, कीं वही एका ठिकाणीं ठेवून गांवोगांव फक्त प्रामाणिक मध्यस्थ नेमावे. दुसरी वाट स्वस्त आहे आणि तिचा हिशेबहि एकाच ठिकाणीं राहतो. म्हणून बहुतेक मोठ्या संस्थांनीं तीच धरली. पण ती धरतांना एक गोष्ट विसरूं नये. मुख्य कचेरीतल्या वहींत दौंडचें पान असेल, दौंडची वाट परतीचीहि मोकळी असेल, आणि मध्यस्थ आपल्या गांवाचें नांव चोख लिहीत असेल, तरच दौंडच्या हांकेला दौंडचें उत्तर मिळेल. यांतलें एक जरी चुकलें, तरी वही शिरूरांत कितीहि नेटकी असो, दौंडच्या खिडकीपुढली रांग मात्र हलत नाहीं.